काचांच्या थप्पीतून जाणारा प्रकाश : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

यंदाच्या प्रकल्पाचा विषय काचवाल्याच्या दुकानात ठरला. प्रयोगशाळेच्या कपाटाचे फुटलेले तावदान बदलायचे होते, म्हणून मापे घेऊन कऱ्हाडच्या बाजारपेठेत गेलो होतो. दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घातलेले होते. मात्र एका कोपऱ्यात वीसेक काचांची थप्पी कागदाविना उभी होती, आणि ती समोरून चांदीचा मुलामा दिल्यासारखी चमकत होती. तीच थप्पी कडेने पाहिली तर सोड्याच्या बाटलीसारखी गडद हिरवी दिसत होती. दुकानदाराला विचारले तेव्हा तो काच कापता कापता म्हणाला, "सर, एक काच असली तर माणूस तिच्यावर जाऊन आदळतो, आणि वीस ठेवल्या की तिच्यात तोंड बघून केस विंचरतो."

पाठ्यपुस्तकात आपण पारदर्शक पदार्थाची व्याख्या 'ज्यातून प्रकाश आरपार जातो तो' अशी करतो आणि लगेच अपवर्तनाकडे वळतो. एक काच जर जवळजवळ सगळा प्रकाश पुढे सोडत असेल, तर वीस काचा मिळून तो का अडवतात आणि अडलेला प्रकाश जातो कुठे, हा प्रश्न मात्र तिथे विचारलेला नसतो. अकरावीतील एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी या कामासाठी तयार झाले आहेत. मामांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळा परिचरांनी, जीवशास्त्र विभागातून सूक्ष्मदर्शकाच्या पन्नास काचपट्ट्यांची एक कोरी पेटी मिळवून दिली. प्रत्येक पट्टी ७५ मिमी लांब, २५ मिमी रुंद आणि साधारण १.३ मिमी जाड आहे.

४ डिसेंबर

प्रकाश मोजण्यासाठी पहिला विचार एलडीआर या प्रकाशसंवेदी रोधकाचा केला, कारण तो दहा-पंधरा रुपयांना मिळतो आणि मुलांना तो जोडता येतो. त्याच्यावर पडणारा प्रकाश वाढला की त्याचा रोध कमी होतो. विद्यार्थ्याने एका पट्टीमुळे रोध सहा टक्क्यांनी वाढल्याची नोंद केली आणि त्यावरून सुमारे चौऱ्याण्णव टक्के प्रकाश पलीकडे जातो असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष पटण्यासारखा होता, म्हणूनच तो तपासून घेणे गरजेचे वाटले.

तपासणीची रीत साधी आहे. भिंग काढलेला एलईडी दिवा २५ सेमी अंतरावर ठेवला आणि मग ५० सेमीवर नेला, तर व्यस्त वर्गाच्या नियमाप्रमाणे प्रकाश चौथा हिस्सा उरायला हवा आणि रोध चौपट व्हायला हवा. प्रत्यक्षात तो १.८२ किलोओहमवरून ४.७५ किलोओहमवर गेला, म्हणजे अवघा २.६ पट झाला. एलडीआरचा रोध प्रकाशाच्या सम प्रमाणात बदलत नाही. प्रकाशातला मोठा फरक तो लहान करून सांगतो. त्यामुळे चौऱ्याण्णव हा आकडा खोडून टाकला. दोन दिवसांचे काम वाया गेले असे मुलांना वाटले. मला तसे वाटले नाही, पण त्यांचे पडलेले चेहरे पाहून मी तसे बोलूनही दाखवले नाही.

७ डिसेंबर

फुटलेल्या सौर पॅनेलमधला दोन सेमी बाजूचा एक अखंड तुकडा मिळाला. सौर घटाची दोन टोके सरळ मायक्रोअँपिअर मोजणाऱ्या मल्टिमीटरला जोडली, तर मिळणारा प्रवाह त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या सम प्रमाणात असतो. व्होल्टेज मात्र तसे वागत नाही, हे इथे लक्षात ठेवावे लागते. तीच अंतराची चाचणी पुन्हा घेतली. २५ सेमीवर ५१२ आणि ५० सेमीवर १२९ मायक्रोअँपिअर आले. गुणोत्तर ३.९७ निघाले. आता उपकरणावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दिव्याने मात्र त्रास दिला. टॉर्च पेटवल्यावर पहिली पाच मिनिटे तो तापतो आणि प्रकाश हळूहळू उतरतो, आणि पुढे बॅटरी उतरू लागते ती वेगळीच. त्यामुळे टॉर्चला प्रयोगशाळेतील स्थिर वीजपुरवठा जोडला, दहा मिनिटे तापू दिले आणि प्रत्येक मोजणीच्या आधी व नंतर पट्टीविना वाचन घ्यायचे असा नियम केला. ही दोन वाचने एका टक्क्याहून अधिक वेगळी आली तर मधले वाचन रद्द करायचे. टॉर्चपुढे आठ मिमी छिद्राचा पुठ्ठा लावला, म्हणजे सगळा झोत घटाच्या आतच पडतो.

पट्टीविना १६४०, एका पट्टीतून १५०४. म्हणजे ९१.७ टक्के प्रकाश पलीकडे आला आणि आठ टक्क्यांहून थोडा अधिक वाटेत हरवला.

११ डिसेंबर

हे आठ टक्के काच खाऊन टाकते, असे दोन्ही विद्यार्थ्यांचे मत होते. तसे असेल तर काच जितकी जाड तितका तोटा अधिक व्हायला हवा. काचवाल्याकडून चार मिमी आणि बारा मिमी जाडीच्या साध्या पांढऱ्या काचेचे उरलेले तुकडे आणले, धुऊन पुसून झोतात धरले. चार मिमीतून ९० टक्के प्रकाश आला आणि बारा मिमीतून ८७ टक्के. जाडी तिप्पट झाली, तोटा मात्र दहावरून फक्त तेरावर गेला. म्हणजे तोट्याचा मोठा वाटा जाडीशी बांधलेला नाही. काच असण्याबद्दलच तो एकदा द्यावा लागतो, मग ती पातळ असो की जाड.

विद्यार्थिनीने याला जकात नाक्याची उपमा दिली. (तिच्या जन्माच्या आसपास नाके बंद होत आले होते, उपमा तिच्या वडिलांची असावी.) गाडी गावातून किती किलोमीटर गेली याच्याशी नाक्याला देणे-घेणे नसते, शिरताना एकदा अडवले की झाले. काचेला असे दोन नाके आहेत, एक शिरतानाचा आणि एक बाहेर पडतानाचा. प्रत्येक नाक्यावर शंभरातला चार भाग प्रकाश मागे फिरवला जातो.

हे चार कुठून येतात, याचे उत्तर ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२३ मध्ये मांडलेल्या सूत्रांत आहे. प्रकाश पृष्ठभागावर सरळ पडत असेल तर दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांची (प्रकाश त्या माध्यमात किती पट मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यांची) वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, आणि आलेल्या संख्येचा वर्ग, इतका भाग परावर्तित होतो. म्हणून आधी काचेचा अपवर्तनांक हवा. बारावीच्या प्रात्यक्षिकात असतो तसा, मोजपट्टीवर वर-खाली सरकणारा चल सूक्ष्मदर्शक काढला आणि जाड काचठोकळ्याखाली कागदावर काढलेल्या फुलीवर रोखला. ठोकळ्याविना फुली ५.१३२ सेमीवर स्पष्ट दिसली, ठोकळा ठेवल्यावर ५.७८२ वर, आणि ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठावर टाकलेली खडूची पूड ७.०३४ वर. खरी जाडी १.९०२ सेमी, भासमान जाडी १.२५२ सेमी, आणि त्यांचे गुणोत्तर, म्हणजेच अपवर्तनांक, १.५२. हा ठोकळा आणि आमच्या पट्ट्या एकाच काचेच्या आहेत असे मानता येणार नाही, म्हणून एका पट्टीवरही तोच प्रयोग केला. मात्र अवघ्या १.३ मिमी जाडीवर सूक्ष्मदर्शकाच्या लघुतम मापाचाच फरक इतका मोठा पडतो की १.५०पासून १.५४पर्यंत काहीही म्हणता येते. साध्या सोडा-चुना काचेचा अपवर्तनांक १.५२च्या आसपास असतो, त्यामुळे तोच धरला.

हवेचा अपवर्तनांक १ धरला की ०.५२ भागिले २.५२, त्याचा वर्ग ०.०४२६. दोन पृष्ठांचे मिळून साडेआठच्या जवळपास, आणि आतल्या आत परतून पुन्हा पुढे आलेला थोडासा प्रकाश जमेस धरला की एका पट्टीतून ९१.८ टक्के प्रकाश जायला हवा. आमचे वाचन ९१.७ होते. एकाच वाचनाचा असा तंतोतंत मेळ बसला की मला आनंदापेक्षा संशय अधिक येतो, म्हणून आणखी नऊ पट्ट्या एकेक करून मोजायला सांगितल्या. त्या ९०.९ ते ९१.९ यांच्या दरम्यान आल्या.

१२ डिसेंबर

आज थप्पी. मोजणी करण्यापूर्वी विद्यार्थ्याने फळ्यावर अंदाज मांडला : एका पट्टीतून ०.९१७, तर दहा पट्ट्यांतून ०.९१७चा दहावा घात, म्हणजे ४२ टक्के. वीसमधून साडेसतरा टक्के. मीही त्याला अडवले नाही.

मोजणी झाली तेव्हा पाच पट्ट्यांतून ६९.०, दहांतून ५१.६, पंधरांतून ४१.३ आणि वीसांतून ३४.२ टक्के प्रकाश आला. अंदाजापेक्षा कमी आला असता तर धूळ, बोटांचे ठसे, तिरपी बसलेली पट्टी अशी कारणे सांगता आली असती. पण इथे अधिक आला होता, आणि वीस पट्ट्यांना तर जवळजवळ दुप्पट. धुळीने प्रकाश वाढत नाही. मुलांनी घट तपासला, खोलीतला दिवा कुठून शिरतो का ते पाहिले, पुठ्ठा बदलला; आकडे तेच राहिले.

चूक फळ्यावरच्या गणितात होती. नाक्यावरून परत फिरवलेली गाडी तिथेच नाहीशी होते असे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सातव्या पट्टीवरून मागे फिरलेला प्रकाश सहाव्या, पाचव्या, चौथ्या पट्टीच्या प्रत्येक पृष्ठावर येतो आणि तिथे त्याचा चार शतांश भाग पुन्हा पुढच्या दिशेने वळवला जातो, त्यातला काही पुन्हा मागे, आणि असे हे येणे-जाणे चालूच राहते. थप्पीत पट्ट्या जितक्या जास्त, तितकी या फेऱ्यांची भर मोठी. या सगळ्या फेऱ्यांची बेरीज जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८६२ मध्ये काचपट्ट्यांच्या थप्पीवरील निबंधात करून दाखवली होती. काचेत काहीच शोषले जात नाही असे धरले तर तिचे फलित फार देखणे आहे : पलीकडे गेलेल्या प्रकाशाचा जो अपूर्णांक येतो तो उलटा केला, म्हणजे त्याचा गुणाकार व्यस्त घेतला, तर प्रत्येक पट्टीगणिक त्यात ठरावीक भर पडत जाते. आमच्या काचेसाठी ही भर ०.०८९ आहे. एका पट्टीला १.०८९, दहाला १.८९, वीसला २.७८, उलटे केले की ५२.९ आणि ३६.० टक्के.

विद्यार्थिनीने आलेखाच्या कागदावर पट्ट्यांची संख्या आडवी आणि व्यस्त उभा घेऊन बिंदू मांडले. चारही बिंदू एका रेषेवर बसले. त्या रेषेचा चढ मात्र ०.०९६ निघाला, हव्या त्यापेक्षा किंचित जास्त. धुळीचा संशय आता घ्यायला हरकत नव्हती. पट्ट्या साबणाच्या पाण्यात धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसल्या. चढ ०.०९१वर आला आणि दहा पट्ट्यांतून ५२.४ टक्के मिळाले. चाळीस पृष्ठांवरचे ठसे मिळून एवढा फरक करतात.

एक किरकोळ बाब. स्वच्छ धुतलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर दाबल्या की त्या चिकटतात आणि मधल्या हवेच्या अतिशय पातळ थरात रंगीत पट्टे उमटतात. हे व्यतिकरण आपल्या हिशेबात नको असल्यामुळे दोन्ही टोकांना वहीच्या कागदाचे बारीक तुकडे घालून पट्ट्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

१७ डिसेंबर

थप्पीतून प्रकाश अडतो तो काचेमुळे की काचेच्या आणि हवेच्या शिवेमुळे, हे ठरवायचे असेल तर काच तशीच ठेवून हवा काढून टाकायला हवी. हवेच्या जागी पाणी घातले तर अपवर्तनांकातला फरक १.५२ आणि १.३३ यांच्यातला उरतो आणि परावर्तन ४.३ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७ आहे, तिथे ते शंभरात ०.०३ इतकेच राहते.

दहा पट्ट्या घेतल्या. कोरड्या थप्पीतून ५२ टक्के. मग प्रत्येक फटीत ड्रॉपरने पाणी सोडले, बुडबुडे निघेपर्यंत पट्ट्या सरकवल्या, आणि वाचन ८४वर गेले. हिशेबाने ८५ यायला हवे होते. पट्ट्या वाळवून ग्लिसरीन लावले तेव्हा ९० टक्के प्रकाश आला, म्हणजे जवळजवळ एकाच पट्टीइतका. ग्लिसरीन फटीत पसरत असताना पाहणे हा या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत चांगला भाग होता असे मी म्हणेन. खालच्या कोपऱ्यातून ओलसर कड वर चढत गेली, तिच्या वरच्या भागात थप्पी अजून चंदेरी होती आणि खालच्या भागात जणू काहीच नव्हते. मागे ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे ओळीमागून ओळ उघडी पडत गेली. मामाही हातातला बीकर तसाच धरून उभे होते. "आत्ता तर होती की," एवढेच ते म्हणाले.

दुपारी हेच दाखवणाऱ्या घरच्या गोष्टींची यादी मुलांनी केली. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो आणि तीच साखर दळून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र होते, कारण प्रत्येक कणाला दोन शिवा आणि कणांमध्ये हवा. बर्फाची लादी आरपार दिसते, पण गोळेवाल्याने किसलेला बर्फ पांढरा. त्यावर सरबत ओतले की पांढरेपणा जातो, आणि त्यात रंगाइतकाच वाटा फटीत शिरलेल्या पाण्याचा असतो. भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढाच भाग अर्धपारदर्शक होतो, कारण कागदाचे तंतू आणि तेल यांचे अपवर्तनांक जवळ आहेत आणि तेलाने तंतूंमधली हवा हाकलली आहे. भिजलेल्या सदऱ्यातून अंग दिसते तेही यामुळेच.

शेवटी बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी ग्लिसरीनच्या चंचुपात्रात बुडवली. दोहोंचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास असल्याने नळी कुठे आहे ते फक्त तिच्यावरच्या छापील अक्षरांवरून कळत होते. शेजारी साध्या काचेची कांडी बुडवली ती पुसटशी का होईना दिसत राहिली.

ग्लिसरीनच्या थप्प्या सोडवताना दोन पट्ट्या तडकल्या. त्या पाण्यात रात्रभर ठेवून मग सोडवायला हव्या होत्या.

२३ डिसेंबर

आज थप्पी तिरपी केली. पट्ट्या सरळ उभ्या असताना ५२.४ टक्के प्रकाश जातो, तर तिरप्या केल्यावर तो कमी होईल असे सर्वांनाच वाटणे साहजिक होते. थप्पी कोनमापकाच्या चकतीवर बसवली आणि दहा-दहा अंशांनी फिरवत नेली. चाळीस अंशांपुढे वाचन विचित्र रीतीने कोसळू लागले. पाहिले तर झोतच घटाच्या कडेवरून घसरला होता. तिरप्या काचेतून जाणारा किरण मूळ दिशेलाच समांतर बाहेर पडतो खरा, पण बाजूला सरकतो. दहा पट्ट्यांची मिळून तेरा मिमी काच आणि ५७ अंशांचा आपतन कोन असेल तर हे सरकणे सहा मिमी भरते. घट तेवढा बाजूला घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

सत्तावन्न अंशांना ९४८ मायक्रोअँपिअर, म्हणजे ५७.८ टक्के. सरळ उभ्या थप्पीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक! सत्तर अंशांच्या पुढे मात्र ते झपाट्याने उतरले.

याचे कारण डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये सांगितलेल्या नियमात आहे. ज्या आपतन कोनाची स्पर्शिका, म्हणजे टॅन, अपवर्तनांकाइतकी असते, त्या कोनाला प्रकाशाचा एक घटक, ज्याचे विद्युत कंपन आपाती किरण आणि स्तंभिका (पृष्ठाला लंब असलेली रेषा) यांच्या प्रतलात असते, मुळीच परावर्तित होत नाही. १.५२साठी हा कोन ५६.७ अंश आहे. या घटकासाठी वीस पृष्ठांची थप्पी अस्तित्वातच नसते. दुसऱ्या घटकाला प्रत्येक पृष्ठावर १५.७ टक्के परतावे लागते, आणि दहा पट्ट्यांनंतर त्यातला २१ टक्केच पलीकडे पोहोचतो. दोन्हींची सरासरी ६०.६. आमचे वाचन त्याहून थोडे कमी आले, पण चढउतार नेमका तसाच आहे.

बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फीत, म्हणजे एकाच दिशेने कंपन करणारा प्रकाश पुढे सोडणारी फीत, सोलून घटापुढे धरली. ती एका बाजूने धरली तर ६५८, काटकोनात फिरवली तर १४६. थप्पी काढून ध्रुवकातून नुसता झोत ६९७ येत होता. म्हणजे एक घटक ९४ टक्के आणि दुसरा २१ टक्के. वीस-तीस रुपयांच्या काचपट्ट्यांनी साधा प्रकाश चाळून दिला.

५ जानेवारी २०२५

रविवार असल्याने सकाळी मुलांना घेऊन प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात, आणि जानेवारीत काठचे पाणी निवळलेले असते. पाण्याचा ब्रूस्टर कोन ५३ अंश आहे. पायापासून डोळ्याची उंची १.६ मीटर धरली, तर सुमारे दोन मीटर तेरा सेंटिमीटर अंतरावरचे पाणी आपण नेमके त्या कोनातून पाहतो. टेपने मोजून तिथे काडी रोवली. नुसत्या डोळ्यांना त्या जागी फक्त पांढुरके आकाश दिसत होते. ध्रुवक डोळ्यापुढे धरून फिरवला तेव्हा आकाश विझले आणि तळाचे गोटे, त्यांच्यावरचे शेवाळ आणि एक बुडालेली चप्पल दिसू लागली.

चं. वें. रामन यांनी १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' जहाजावर हेच केले होते. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी ध्रुवकाचेच काम करणाऱ्या निकोल लोलकातून ब्रूस्टर कोनाला पाहून पृष्ठभागावरचे प्रतिबिंब पुसून टाकले, आणि निळाई जाण्याऐवजी अधिकच गडद झाली; म्हणजे ती पाण्याच्या आतून, पाण्याच्या रेणूंनी विकिरित केलेल्या प्रकाशातून येत होती. या निरीक्षणाचे पत्र त्यांनी मुंबई बंदरात जहाजावरूनच २६ सप्टेंबर १९२१ या तारखेने 'नेचर' नियतकालिकाला लिहिले. पारदर्शक द्रवांच्या आत प्रकाशाचे काय होते याचा तोच शोध पुढे २८ फेब्रुवारी १९२८पर्यंत, रामन परिणामापर्यंत, गेला. विद्यार्थ्याने विचारले की रामन सरांनाही तळ दिसला असेल का. भर समुद्रात दिसला नसणार, असे मी म्हणालो.

१३ जानेवारी

काचेची कड हिरवी का दिसते, हा प्रश्न अजून उरला होता. चार मिमी काचेच्या दहा सेमी आणि तीस सेमी लांबीच्या पट्ट्या कापून त्यांच्या दोन्ही टोकांना कड पॉलिश करून घेतली. झोत टोकातून शिरतो, आतल्या बाजूंवर पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. दोन लांबींच्या वाचनांचे गुणोत्तर घेतले की टोकांवरचे नुकसान दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे छेदले जाते आणि मधल्या वीस सेमी काचेने प्रत्यक्ष शोषलेला प्रकाश तेवढा उरतो. झोतापुढे रंगीत जिलेटिन पेपर लावले. वीस सेमी काचेनंतर लाल प्रकाश २९ टक्के, निळा ४८ आणि हिरवा ६६ टक्के उरला.

काचेच्या वाळूत आलेले लोह याला कारण आहे. त्याचे एक रूप अवरक्त आणि लाल प्रकाश शोषते, दुसरे जांभळ्याच्या टोकाचा, आणि मधला हिरवा सर्वांत कमी तोट्यात सुटतो. चार मिमीत लाल प्रकाशाचे दोन-अडीच टक्केच जातात, म्हणून खिडकी रंगहीन दिसते. कडेने पाहताना दृष्टी काही वीत काच ओलांडून येते. इथे एलईडी टॉर्च वापरल्याचा फायदा झाला. तारेच्या बल्बमध्ये अवरक्त प्रकाश भरपूर असतो, तो जिलेटिन पेपरमधून बिनदिक्कत जातो आणि सौर घटाला दिसतो, त्यामुळे आकडे भलतेच आले असते.

घरून माळ्यावरच्या प्रभाकर कंदिलाची काच आणली होती. हा कंदील जिथे बनत असे ती ओगलेवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा मोह टाळता आला नाही. तिच्या कडेलाही तोच हिरवा रंग आहे.

तुलनेसाठी एकच आकडा नोंदवतो. दूरसंचाराच्या प्रकाशतंतूत १.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचा तोटा किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असतो, म्हणजे एक किलोमीटर काचेनंतर ९५ टक्के प्रकाश शिल्लक. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे असे सांगितले तेव्हा किलोमीटरला वीस डेसिबल, म्हणजे शंभरातला एकच भाग शिल्लक, हेही दूरचे उद्दिष्ट होते.

२० जानेवारी

मोजण्या संपल्या. पेटीतल्या पन्नासपैकी सत्तेचाळीस पट्ट्या धुऊन जीवशास्त्र विभागाला परत केल्या. तिसरी कशी फुटली ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी आलेख घेऊन काचवाल्याकडे गेलो. कोरडी थप्पी, पाण्याची थप्पी, ग्लिसरीनची थप्पी असे तीन आकडे त्याला दाखवले आणि फटीत पाणी गेले की थप्पीचा आरसा नाहीसा होतो हे जरा अभिमानानेच समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "ते आम्ही रोजच बघतो की. पावसाळ्यात सकाळी दुकान उघडलं, की आधी थप्प्यांकडं बघायचं. पांढरी चमकत असली तर कोरडी. मधनं काळपट हिरवी दिसली, की समजायचं, पाणी शिरलंय. तशीच राहिली तर काचा एकमेकीला धरतात आणि सुटल्या तरी डाग जात नाही." कागद त्यासाठीच घालतात का, असे विचारले तर त्याने मान हलवली आणि कोपऱ्यातली ती बिनकागदाची थप्पी दाखवून म्हणाला, "हिला घालायचा राहिलाय. गेल्या महिन्यापासनं."